निवडून आलेला राज्यपाल

तेहतीस वर्षं मी ठाण्याच्या एका मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि त्या तेहतीस वर्षांत मुलांकडून एक वाक्य हजारदा वदवून घेतलं. 'राज्यपाल हे राज्याचे नामधारी प्रमुख असतात व त्यांची नेमणूक राष्ट्रपती करतात.' एका मार्काचं वाक्य, गाळलेल्या जागांमध्ये हमखास येणारं. दर एक-दोन वर्षांनी मागच्या बाकावरचा कुणीतरी विचारायचाच, "सर, मग राज्यपालाला मत कोण देतं?" वर्ग हसायचा. मी म्हणायचो, "कुणीच देत नाही. बस खाली."

खाली बसवलेल्या त्या सगळ्या पोरांची मला आठवण झाली ती 5 नोव्हेंबर 2024 रोजी, बर्लिंग्टन नावाच्या गावात. पंचाहत्तरीचा एक म्हातारा माझ्या डोळ्यांदेखत राज्यपालाला मत देऊन आला आणि वर माझ्यासाठी एक बिस्कीटही घेऊन आला.

आम्ही तिकडे कसे, तर मुलीचं बाळंतपण. मुलगी आणि जावई व्हरमाँटमध्ये राहतात. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं, कॅनडाला टेकलेलं छोटं राज्य. परदेशातल्या बाळंतपणाला आई जाते आणि बाबा सामानात जातात. आमच्या सामानात डिंक होता, अळीव होते, खारकेची पूड, बाळंतशेपा, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी आणि मी. सगळं कस्टममधून सुटलं. ऑक्टोबरात नात झाली. घराचा ताबा हिच्याकडे गेला आणि माझ्याकडे दोनच कामं उरली: कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचा आणि "अहो, जरा फिरून या" असं ऐकलं की फिरून यायचं.

फिरताना पहिली चुटपुट लागली ती बॅनरची. निवडणूक महिन्यावर आलेली आणि रस्त्यात एकही बॅनर नाही. मी नौपाड्यात राहतो. आमच्याकडे गोखले रोडला विजेच्या खांबावर कुणाचा ना कुणाचा हसरा चेहरा नसेल तर रस्ता चुकल्यासारखं वाटतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावी नगरसेवक, खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची माळ. जावई म्हणाला, "बाबा, इथे रस्त्याकडेच्या होर्डिंगवर बंदीच आहे. 1968 पासून." 2024 च्याच मे महिन्यात घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली होती. मी काही बोललो नाही.

बॅनर नसले तरी पाट्या होत्या. गुडघ्याएवढ्या, अंगणातल्या गवतात दोन तारांवर खोचलेल्या. शेजारच्या आजोबांच्या अंगणात तीन होत्या, आणि त्या पाहून माझ्यातला मास्तर जागा झाला. एकीवर कमला हॅरिस, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्ष. दुसरीवर बर्नी सँडर्स, सिनेटसाठी, अपक्ष. तिसरीवर फिल स्कॉट, गव्हर्नरपदासाठी, रिपब्लिकन पक्ष. एकाच अंगणात, एका ओळीत. आपल्याकडे एका गॅलरीत दोन पक्षांचे झेंडे लावून बघा. सोसायटीची सभा बोलावतील. मला वाटलं, घरात तिघे असतील आणि तिघांची तीन मतं. पण आजोबा एकटेच राहत होते.

हे आजोबा म्हणजे निवृत्त प्लंबर. वडील बॅरी गावच्या ग्रॅनाइटच्या कारखान्यात दगड कापायचे. माझं इंग्रजी पुस्तकी, त्यांचं नाकातलं, त्यामुळे पहिले चार दिवस आम्ही हवामानावरच बोललो. मग मी त्या तीन पाट्यांचं विचारलं. ते हसले. म्हणाले, तिन्ही पाट्या माझ्याच, मत माझं आणि कागदही एकच. मग त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि टेबलावरची मतपत्रिका दाखवली. तिथे सार्वत्रिक निवडणुकीला मतदारयादीत नाव चालू असलेल्या सगळ्यांच्या घरी मतपत्रिका टपालानं येते. घरी भरा, टपालानं परत धाडा किंवा स्वतः केंद्रावर नेऊन द्या. आजोबांनी अर्धी भरून ठेवली होती. नावापुढचं लांबट वर्तुळ काळ्या पेनानं काळं करायचं, आपल्या स्पर्धा परीक्षांच्या उत्तरपत्रिकेसारखं.

मी चटकन मान फिरवली. गुप्त मतदान! आयुष्यभर केंद्राध्यक्ष म्हणून पुठ्ठ्याच्या आडोशाची राखण केली, आणि इथे हा माणूस जेवणाच्या टेबलावर, लोण्याच्या डबीशेजारी, मला आपलं मत दाखवतोय. त्यांना माझी अडचण कळलीच नाही.

मग मान वळवून मीही पाहिलं. मोह सुटला. कागद चांगला लांबलचक. राष्ट्राध्यक्षापासून सुरू होऊन खजिनदार, हिशेब तपासनीस, स्थानिक प्रतिनिधी असं खाली खाली उतरत जाणारा. शेवटाकडे 'हाय बेलिफ' नावाचं एक पद. आजोबांनी सांगितलं, जिल्ह्याच्या शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीस अधिकाऱ्याला, अटक करायची वेळ आलीच तर ती या माणसानं करायची. एरवी त्याला फारसं काम नाही. पण निवडायचं, दर दोन वर्षांनी.

आता शब्दाचा घोटाळा निस्तरतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'गव्हर्नर'च, पण तिकडचा गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. सरकार तोच चालवतो, अंदाजपत्रक तोच मांडतो, विधेयकावर सही करतो किंवा नकार देतो. आपल्या हिशेबात तो मुख्यमंत्री, फक्त आमदारांनी नाही तर लोकांनी थेट निवडलेला. मलबार हिलला समुद्राकाठी वाडा, तोफा, मोर असलं काही नाही. व्हरमाँटच्या गव्हर्नरला सरकारी बंगलाच नाही. माँटपेलिअर या राजधानीच्या गावात कचेरी आहे, तिथे कामाला जायचं आणि आपल्या घरी परत यायचं. राजधानीची वस्ती आठ हजारांच्या आसपास. आमच्या घंटाळीत नवरात्रात एका संध्याकाळी तेवढी माणसं असतील.

आणि गंमत अशी की आपल्याकडेही राज्यपाल निवडूनच यायचा होता. वर्गात कधी सांगितलं नाही, कारण अभ्यासक्रमात नव्हतं. 1947 च्या जुलैत संविधान सभेनं असंच ठरवलं होतं की प्रांताचा गव्हर्नर प्रौढ मतदानानं थेट निवडावा. प्रांतिक राज्यघटनेच्या समितीचे अध्यक्ष होते सरदार पटेल. मग दोन वर्षांत वारं फिरलं. फाळणी झाली, संस्थानं विलीन झाली, देश एकत्र ठेवायची काळजी वाढली. शिवाय मुख्यमंत्रीही लोकांनी निवडलेला आणि राज्यपालही लोकांनी निवडलेला, तर दोघांचं जमलं नाही की काय करायचं, हा प्रश्न होताच. 1949 च्या मे महिन्यात सभेनं निवडणूक काढून टाकली आणि नेमणूक घातली. तेच आजचं 155वं कलम. म्हणजे मागच्या बाकावरचा पोरगा वेडा नव्हता, सभेनं दोन वर्षांनी बदललेल्या ठरावातला प्रश्न विचारत होता.

असो. फिल स्कॉटकडे वळतो.

हा माणूस माझ्यापेक्षा वर्षानं लहान, 1958 चा, बॅरीचाच. बांधकामाचा धंदा होता, गव्हर्नर झाल्यावर त्यातला हिस्सा विकला. मोटारींच्या शर्यतीत गाडी चालवतो. बॅरीला 'थंडर रोड' म्हणून एक गोल धावपट्टी आहे, तिथे गुरुवारी रात्री शर्यती होतात, आणि गव्हर्नर झाल्यावरही हा तिथे उतरला आणि 2017 मध्ये एक शर्यत जिंकलासुद्धा. आजोबांच्या लेखी हीच त्याची मुख्य पात्रता असावी असं मला आधी वाटलं. ते त्याला 'फिल' म्हणतात. आपल्याकडे भाऊ, दादा, साहेब म्हणायची पद्धत आहे. त्यात प्रेम असतं आणि एक पायरीही असते. 'फिल' मध्ये पायरी दिसेना.

गव्हर्नरची मुदत तिथे फक्त दोन वर्षांची. पन्नास राज्यांत असं दोनच ठिकाणी आहे, व्हरमाँट आणि शेजारचं न्यू हॅम्पशायर. म्हणजे शपथ घेऊन खुर्ची जराशी गरम होते तोच पुन्हा परीक्षा. हा 2016 मध्ये पहिल्यांदा आला, सुमारे 53 टक्के मतं घेऊन. 2018 मध्ये 55. 2020 मध्ये 68. 2022 मध्ये 71. आणि मी होतो त्या 2024 मध्ये 73. आपल्याकडे सत्तेत राहिलं की मतं झिजतात, त्याला आपण अँटी-इन्कम्बन्सी म्हणतो आणि मराठीत आणायची वेळ आली की जरा अडखळतो. इथे खुर्चीवर बसल्या बसल्या मतं वाढत गेलेली. आणि राज्य कसलं, तर ज्या राज्यात त्याच दिवशी, त्याच कागदावर, हॅरिस आणि सँडर्स दोघांना साठ टक्क्यांच्या वर मतं मिळाली. त्याच्या पक्षाच्या उमेदवाराला, ट्रम्पना, तिसरा हिस्साही नाही.

हे कसं, याचं उत्तर जावयाकडे तयार होतं. "बाबा, इथे लोक पक्ष नाही, माणूस बघतात." हे वाक्य मला आवडत नाही. प्रत्येक गल्लीतला प्रत्येक पक्षांतर करणारा हेच म्हणतो. म्हणून मी आजोबांनाच धरलं.

त्यांनी 2018 ची गोष्ट सांगितली, आणि ती मला आजवर पुरली आहे.

आजोबा शिकारी. घरात बंदुका आहेत, नोव्हेंबरात हरणाच्या मागे जातात. तिकडे निम्मं खेडं जातं. स्कॉटही बंदुकांवर नवे निर्बंध नकोत असं म्हणतच निवडून आलेला. मग 2018 च्या फेब्रुवारीत फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांतच व्हरमाँटच्या फेअर हेवन गावात एका मुलाला पकडलं. आपल्या जुन्या शाळेत तसंच करायचं असा त्याचा बेत. गव्हर्नरनं पोलिसांचे कागद वाचले आणि त्याचं मत बदललं. बदललं म्हणजे गुपचूप नाही. एप्रिलमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर, उघड्यावर टेबल टाकून, बंदूकवाल्यांच्या गर्दीसमोर त्यानं कायद्यांवर सह्या केल्या. बंदूक घ्यायचं वय, पार्श्वभूमीची तपासणी, काडतुसांच्या मर्यादा. गर्दी 'गद्दार, गद्दार' ओरडत होती. त्याचेच मतदार.

"तुम्ही त्या गर्दीत होतात?" मी विचारलं.

"हो," आजोबा म्हणाले. "मीही ओरडलो."

त्या नोव्हेंबरात आजोबांनी त्याला मत दिलं नाही. तरी तो आला. मग 2020 चा कोविड. आठवड्यातून दोन-तीनदा हा माणूस टीव्हीवर यायचा, शेजारी आरोग्य खात्याचे डॉक्टर, आणि काय माहीत आहे नि काय नाही ते सांगायचा. आजोबांच्या पत्नी त्या वर्षी आजारी होत्या, दुसऱ्याच कशानं तरी, पण दवाखान्याचं सगळं अवघड होतं. ते दोघं मिळून ती पत्रकार परिषद बघायचे. "ती म्हणायची, हा खोटं बोलत नाहीये." त्या नोव्हेंबरात दोघांनी त्याला मत दिलं. बाई पुढच्या वर्षी गेल्या.

पुढे 2023 च्या जुलैत पूर आला. माँटपेलिअरचा बाजार पाण्याखाली, बॅरीत चिखल. बरोबर वर्षानं, 2024 च्या जुलैत, पुन्हा. आजोबा बॅरीला भावाच्या घरातला चिखल उपसायला गेले होते. मी त्यांना 26 जुलै 2005 बद्दल सांगितलं, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर. त्यांनी आकडा इंचात करून घेतला आणि बराच वेळ गप्प बसले. त्या संध्याकाळी आमची खरी मैत्री झाली.

पण आजोबांच्या काळजाच्या जवळचा विषय होता घरपट्टी. तिथे शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात घरपट्टीतून भागवतात. 2024 मध्ये सरासरी जवळजवळ 14 टक्के वाढ आली. स्कॉटनं त्या विधेयकाला नकार दिला होता, पण विधिमंडळात डेमोक्रॅट आणि त्यांच्या मित्रांचं दोन-तृतीयांश बहुमत होतं. त्यांनी नकार ओलांडून विधेयक पास केलं. नकार देण्यात हा गव्हर्नर मुळात पटाईत, राज्याच्या इतिहासात त्याच्याएवढे नकार कुणी दिलेले नाहीत. मला वाटलं, म्हणजे आजोबा हॅरिस आणि सँडर्स सोडून सगळीकडे रिपब्लिकन माणसं निवडणार. तसं नव्हतं. स्थानिक प्रतिनिधी त्यांनी डेमोक्रॅटच ठेवला, "ती फोन उचलते" म्हणून. राज्याच्या सिनेटसाठी मात्र एक वर्तुळ त्यांनी इकडचं तिकडे केलं. मला ते काम एखाद्या गृहिणीनं तराजूत चिमूटभर डाळ काढावी, घालावी तसं वाटलं. निकालात झालंही तसंच. रिपब्लिकन पक्षाच्या जागा वाढल्या, बहुमत डेमोक्रॅटांचंच राहिलं, पण ते दोन-तृतीयांश गेलं. यापुढे गव्हर्नरचा नकार टिकणार होता आणि गव्हर्नरला मनमानीही करता येणार नव्हती.

तेव्हा मला मुरबाडची म्हातारी आठवली.

सप्टेंबर 1999. लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका आपल्याकडे एकदम झाल्या होत्या. माझी ड्युटी मुरबाड तालुक्यात एका पाड्यावरच्या शाळेत. कौलातून पाणी गळत होतं, रात्रभर आम्ही मतपेट्या कोरड्या कोपऱ्यात सरकवत होतो. सकाळी प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका द्यायच्या, पांढरी लोकसभेची, गुलाबी विधानसभेची. एक म्हातारी दोन्ही कागद हातात धरून माझ्यासमोर उभी राहिली. "मास्तर, दोन कागद हायेत, मंग शिक्का दोन जागी मारला तर चालंल का?" दोन वेगवेगळ्या चिन्हांवर, असं तिला म्हणायचं होतं. एका पोलिंग एजंटनं लगेच मान वर केली. नियमाप्रमाणे मी काही सुचवू शकत नव्हतो. मी म्हटलं, "आजी, तुमची मर्जी." ती आडोशामागे गेली. बराच वेळ आली नाही. तिनं काय केलं ते कुणालाच कळलं नाही आणि कळूही नये. पण तिचा तो प्रश्न मी पंचवीस वर्षं जवळ बाळगला होता, आणि व्हरमाँटच्या त्या स्वयंपाकघरात मला वाटलं की या दोघांची गाठ घालून द्यायला हवी होती.

मतदानाच्या दिवशी आजोबांनी मला बरोबर नेलं. ते भरलेला कागद टपालात टाकत नाहीत, स्वतः नेतात. मला बाहेरच्या बाजूला उभं राहू दिलं. मी पाहत राहिलो तो ड्युटीवर असल्यासारखाच. पोलीस दिसेनात. बोटाला शाई नाही. ओळखपत्र कुणी मागत नाही. माणूस नाव आणि पत्ता सांगतो, टेबलामागच्या बाई यादीत खूण करतात. माझा जीव वरखाली. आमचा एखादा एजंट असता तर त्यानं पहिल्या दहा मिनिटांत आक्षेप घेऊन कागद लाल केला असता. मतपत्रिका एका यंत्राच्या तोंडात सरकवायची, ते ती गिळतं आणि वरचा आकडा एकानं वाढतो. दाराशी शाळेतल्या मुलांचे पालक केक आणि बिस्किटं विकत होते, शाळेच्या मदतीसाठी. आपल्याकडे मतदान केंद्रापासून शंभर मीटरवर कुणी वडापाव वाटला तरी आचारसंहितेची नोटीस निघेल. त्यातलंच एक बिस्कीट आजोबांनी मला आणून दिलं. ओटचं होतं, बरं होतं.

त्या दिवशी आणखी एक बातमी आली. फिल स्कॉट मत देऊन बाहेर आला आणि पत्रकारांना सांगून मोकळा झाला की राष्ट्राध्यक्षपदासाठी मी हॅरिसना मत दिलं. स्वतः रिपब्लिकन उमेदवार, मतदान चालू आहे, आणि हा सांगतोय. 2020 मध्येही त्यानं बायडनना मत दिल्याचं सांगितलं होतं. मी जावयाला म्हटलं, "अरे, आमच्याकडे याला पक्षविरोधी कारवाया म्हणतात. सहा वर्षांसाठी निलंबन." जावई म्हणाला, "इथे त्र्याहत्तर टक्के म्हणतात."

त्याचा निकाल लागला तोही जाणवला नाही. सातला मतदान संपलं आणि पोळ्या होईपर्यंत टीव्हीनं त्याला विजयी म्हणून टाकलं. ना गुलाल, ना डीजे, ना जेसीबीतून फुलं. आजोबांच्या घरातला दिवा साडेआठला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी देशाचा निकाल कळला तेव्हा ते अंगणात आले, हॅरिसची पाटी उपटली, तिच्या तारा सरळ केल्या आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. फिलची पाटी तशीच राहिली, बर्फ पडेपर्यंत.

आता मास्तर आहे म्हटल्यावर मला लाल पेनही फिरवलंच पाहिजे. एक तर व्हरमाँटची सगळी लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत. 2011 च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहराची 18 लाखांवर होती. एवढ्या वस्तीत गव्हर्नर बाजारात भेटतो, त्याचा चुलतभाऊ आपल्या मेव्हण्याबरोबर शाळेत असतो. तिथे 'माणूस बघणं' सोपं आहे. दुसरं म्हणजे खुर्चीचा महिमा. 1962 नंतर त्या राज्यात खुर्चीवरचा एकही गव्हर्नर निवडणुकीत हरलेला नाही. फिल स्कॉट भला असेल, पण ती खुर्चीही भली आहे. आणि माणूस फार लोकप्रिय झाला की समोर उभं राहायला दांडगं कुणी येत नाही. या वेळी डेमोक्रॅटांकडून मिडलबरीच्या एस्थर चार्ल्स्टिन उभ्या होत्या. राज्य पातळीवर नवख्या, पैशाचं बळ कमी. त्यांना वीस-बावीस टक्क्यांच्या आसपास मतं पडली. ती लढत होती असं म्हणवत नाही. शर्यतीत एकच गाडी जोरात असली की बघायला कसली मजा, हे थंडर रोडवाल्यांनाही पटेल. मी हे आजोबांना ऐकवलं. ते म्हणाले, "खरं आहे. पण 2014 मध्ये मजा आली होती." त्या वर्षी कुणालाच निम्म्यावर मतं मिळाली नव्हती आणि त्यांच्या घटनेप्रमाणे जानेवारीत विधिमंडळानं गव्हर्नर निवडला होता. "फार मजा पण बरी नाही," ते म्हणाले.

मग माझी पाळी आली खजील व्हायची. 20 नोव्हेंबरला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं आणि मी बर्लिंग्टनमध्ये लंगोट वाळत घालत होतो. 1978 पासून एकही मतदान चुकवलं नव्हतं. परक्यांच्या निवडणुकीला बिस्कीट खात उभा होतो आणि स्वतःच्या निवडणुकीला गैरहजर. निकालाच्या दिवशी, म्हणजे तिकडे शुक्रवारी रात्री साडेनऊला, आम्ही मराठी बातम्या लावल्या. नात हिच्या मांडीवर, आजोबा पाहुणे म्हणून हजर, हातात ताक. महायुतीची त्सुनामी वगैरे चाललं होतं. आमच्या शेजारच्या कोपरी-पाचपाखाडीतून मुख्यमंत्री एकनाथ शिंदे एक लाख वीस हजारांच्या वर मतांनी आले. आजोबांना मी समजावून सांगितलं, हे आमचे गव्हर्नर, म्हणजे तुमच्या अर्थानं गव्हर्नर, आणि हे आमच्या ठाण्याचे.

"म्हणजे आता परत तेच गव्हर्नर."

"नाही, तसं नाही," मी म्हटलं. "ते आता आमदार ठरवतील."

"पण लोकांनी त्यांना निवडलं ना?"

"आमदार म्हणून."

5 डिसेंबरला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि शिंदे उपमुख्यमंत्री. चूक-बरोबर हा मुद्दा नाही, संसदीय पद्धत अशीच चालते, मीच ती तेहतीस वर्षं शिकवली. पण आजोबांना मला ते तीन वेळा सांगावं लागलं, आणि तिसऱ्या वेळी माझाच आवाज मला वर्गातल्यासारखा वाटला. बस खाली.

फेब्रुवारीत परत आलो. आजोबांचं ख्रिसमसचं कार्ड आलं, त्यात घरपट्टीची तक्रार होती.

आणि 15 जानेवारी 2026 ला ठाणे महापालिकेची निवडणूक झाली. मागची 2017 च्या फेब्रुवारीत झाली होती. 2022 च्या मार्चमध्ये मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. तेवढ्या काळात व्हरमाँटवाल्यांनी दोनदा गव्हर्नर निवडला. या वेळी चारचा प्रभाग, म्हणजे अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येकाला चार मतं. महिनाभर सगळे पक्ष एकच सांगत होते, पॅनेलला मत द्या, चारही बटणं एकाच चिन्हाची. सोसायटीच्या ग्रुपवर यंत्राचा फोटो, त्यावर चार बाण.

सकाळी साडेसातला आम्ही दोघं गेलो. हिची रांग पुढे सरकली, ही आत जाऊन बाहेरही आली. माझ्या बोटाला शाई लागली, गार लागली, बरं वाटलं. आडोशामागे यंत्रं मांडलेली. पहिलं बटण मी ठरवून आलो होतो, दाबलं. दुसरंही. तिसऱ्याच्या वेळी यादी पुन्हा वाचली. त्या यादीत एक बाई होत्या ज्यांच्या पक्षाला मी आयुष्यात मत दिलेलं नाही, पण आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं तेव्हा रात्री अकराला चप्पल घालून आल्या होत्या त्या याच. तेव्हा नगरसेवक कुणीच नव्हतं. मी बोट तसंच धरून उभा राहिलो.

"आजोबा," बाहेरून मतदान अधिकाऱ्याचा आवाज आला. कोवळा मुलगा होता, कुठल्यातरी शाळेतला शिक्षकच असणार. "चारही झाल्याशिवाय बीप वाजणार नाही. काही मदत हवी का?"

"नको," मी म्हटलं. "वाचतोय."

बीप वाजली तेव्हा बाहेर रांग वाढली होती. ही फाटकाशी उन्हात उभी. "चार बटणांना इतका वेळ? लोक बघत होते."

"बघू देत," मी म्हटलं.

"चारही एकच ना?" हिनं हळूच विचारलं.

मी मान फिरवली. गुप्त मतदान आहे.